ऑर्लँडोच्या सुट्टीत एक दिवस समुद्रावर: कुटुंबासाठी बीच कसा निवडावा

डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सलचा बेत आखायला घरातली मंडळी बसली की कुणीतरी म्हणतंच, "फ्लोरिडाला चाललोय, तर एक दिवस समुद्रावर जाऊया की!" कल्पना छान आहे, पण ऑर्लँडोला समुद्रच नाही. शहर फ्लोरिडाच्या मधोमध आहे. डिस्नेच्या परिसरातून पूर्वेचा अटलांटिक साधारण 70 मैलांवर आणि पश्चिमेचं मेक्सिकोचं आखात साधारण 90 मैलांवर. दोन्ही बाजूंना ओळीने बीच आहेत आणि प्रत्येकाचं कौतुक करणाऱ्या याद्याही भरपूर सापडतात.

या याद्या नवख्या माणसाचा गोंधळ वाढवतात असं माझं स्पष्ट मत आहे. वाळू किती पांढरी आणि पाणी किती निळं यावर त्या क्रम लावतात. तुमच्याबरोबर तीन वर्षांचं पोर आहे, की गुडघे धरलेले आजोबा आहेत, की लाटांसाठी हट्ट धरून बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा, हे त्यांना कुठून कळणार? म्हणून आधी माणसांचा विचार करावा, मग बाजू निवडावी आणि बीचचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. एका दिवसाची सहल असेल तर हाच क्रम कामाला येतो.

पायरी 1: दिवस कोणता

डिस्नेचं अनेक दिवसांचं नेहमीचं तिकीट सलग वापरावं लागत नाही. 4 दिवसांचं तिकीट 7 दिवसांच्या मुदतीत वापरता येतं, 5 दिवसांचं 8 दिवसांच्या. म्हणजे मधला एक दिवस समुद्रावर घालवला तरी तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत. सवलतीच्या खास तिकिटांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे आपल्या तिकिटावरची मुदत वाचून घ्या.

दोन-तीन दिवस पार्कात सकाळपासून रात्रीपर्यंत चालून पायांचे तुकडे पडतात. समुद्राचा दिवस त्यानंतर लगेच ठेवावा. शेवटचा दिवस मात्र टाळा. ओले कपडे, बॅगेत शिरलेली वाळू आणि उन्हाने भाजलेली पाठ घेऊन विमानात बसणं फार त्रासाचं होतं. वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार यांपैकी धरा. शनिवार-रविवारी ऑर्लँडो आणि टँपाची माणसंही बीचवरच असतात.

पायरी 2: घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कोण

निर्णयाची खरी चावी इथे आहे. सगळ्यांची आवड विचारत बसलात तर एकमत होणार नाही. त्यापेक्षा ज्याला ऊन, चालणं किंवा लाटा सगळ्यात कमी सोसतात त्याचा विचार आधी करा.

दोन ते सहा वर्षांची मुलं असतील तर लाटा लहान हव्यात, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ हवं आणि स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर हवं. बाकी सगळं दुय्यम आहे. ज्येष्ठ मंडळी असतील तर गाडी लावल्यापासून वाळूपर्यंतचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. मऊ वाळूत शंभर पावलं चालणं म्हणजे साध्या रस्त्यावरच्या शंभर पावलांसारखं नसतं. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर रुंद, फुगीर चाकांची खास वाळूतली खुर्ची अनेक सार्वजनिक बीचवर मोफत मिळते. डेटोना आणि न्यू स्मर्ना ज्यात येतात त्या व्होल्युशिया काउंटीत लाइफगार्ड विभागाकडून ती मिळते. खुर्च्या मोजक्याच असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

मुलं दहाच्या पुढची आणि पोहणारी असतील तर उथळ, शांत पाण्यात तासाभरात कंटाळतात. त्यांना लाटा हव्या असतात. आणि गाडीत बसलं की ज्याला मळमळतं असं कुणी घरात असेल, तर जवळचा बीचच सगळ्यांसाठी चांगला.

पायरी 3: पूर्व की पश्चिम

दोन्ही बाजूंच्या समुद्राचा स्वभाव वेगळा आहे. पूर्वेला उघडा अटलांटिक आहे. दूरवरून आलेल्या लाटा थेट किनाऱ्यावर आपटतात. वाळूत शिंपल्यांचा चुरा बराच असतो, त्यामुळे तिचा रंग तपकिरीकडे झुकतो, आणि पाणी बहुधा हिरवट, थोडं गढूळ दिसतं. पश्चिमेला आखात आहे. त्याचा तळ परातीसारखा उथळ, दूरपर्यंत हळूहळू खोल होत जाणारा. लाटा लहान, कित्येक दिवस तर जवळपास नसतातच. तिथली वाळू बारीक, पांढऱ्या क्वार्ट्झची. सरासोटाजवळच्या सिएस्टा कीची वाळू तर 99 टक्के क्वार्ट्झ आहे आणि भर दुपारीही पायाला फारशी पोळत नाही.

इतकं वाचून लहान मुलं असलेले सगळे पश्चिमेकडे निघतील, पण अंतर विसरू नका. डिस्नेहून पूर्वेचं कोको बीच सव्वा तासाच्या आसपास. पश्चिमेच्या क्लिअरवॉटरला रहदारी नसताना पावणेदोन तास लागतात, आणि रहदारी नाही असं तिथे क्वचितच होतं. आय-4 महामार्ग टँपाजवळ अडतो. मग टँपाची खाडी ओलांडून क्लिअरवॉटर शहरातून जावं लागतं आणि बीचवर नेणाऱ्या शेवटच्या पुलावर पुन्हा रांग. मार्च-एप्रिलच्या सुट्ट्यांत सकाळी दहानंतर पोहोचलात तर शेवटची दोन मैलं सगळ्यात जास्त वेळ खातात.

माझा सल्ला असा. पोहणारी मुलं असतील, अर्धा-पाऊण दिवसच हाताशी असेल किंवा सकाळी लवकर उठणं घरात कुणाला जमत नसेल, तर पूर्व. अगदी लहान मुलं असतील आणि सकाळी सातच्या आत गाडी हलवायची तयारी असेल, तर पश्चिम. सात म्हणजे सातच. नऊला निघून पश्चिमेकडे जायचं असेल तर त्यापेक्षा पूर्वेचा एखादा लाइफगार्ड असलेला बीच गाठा आणि मुलांना घेऊन पाण्याच्या काठाशीच खेळा.

सूर्योदय समुद्रातून बघायचा असेल तर तो पूर्वेला, सूर्यास्त पश्चिमेला. सूर्यास्ताचा मोह मोठा असतो, पण हिशेब करून ठेवा. जूनमध्ये क्लिअरवॉटरला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पार्किंगमधून बाहेर पडून हॉटेल गाठेपर्यंत अकरा वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क असेल तर हे झेपणार नाही. डिसेंबरमध्ये मात्र पावणेसहाच्या आधीच सूर्यास्त होतो, तेव्हा खुशाल थांबा.

पायरी 4: आता बीचचं नाव

पूर्वेकडचा पहिला पर्याय कोको बीच. ऑर्लँडोहून 528 क्रमांकाचा टोल रस्ता, ज्याला बीचलाइन म्हणतात, जवळपास सरळ तिकडे जातो. 1962 मध्ये बांधलेला लाकडी धक्का, आसपास खाण्याची ठिकाणं, आणि रॉन जॉन सर्फ शॉप. छत्री, बोर्ड, टोपी, जे विसरलं असेल ते तिथे मिळतं. कुटुंबासाठी धक्क्याच्या गर्दीपेक्षा लॉरी विल्सन पार्क मला जास्त सोयीचं वाटतं. झाडांची सावली, स्वच्छतागृह, पाय धुवायचे नळ आणि वाळूकडे जाणारी लाकडी वाट, सगळं तिथे एकत्र आहे.

त्याच्या थोडं उत्तरेला, पोर्ट कॅनॅव्हरलच्या तोंडाशी जेट्टी पार्क आहे. बाहेरच्यांना गाडीमागे प्रवेश शुल्क पडतं, पण लहान मुलांसाठी पूर्वेकडचा हा सगळ्यात नीटनेटका पर्याय. दुपारी चारच्या पुढे क्रूझची अजस्र जहाजं बंदरातून बाहेर पडतात आणि धक्क्याच्या इतक्या जवळून जातात की डेकवरची माणसं हात हलवताना दिसतात. पार्कातल्या कुठल्याही राइडइतकीच मुलं याने खूश होतात. जहाजं सुटण्याचे दिवस बंदराच्या वेळापत्रकात आधी बघता येतात. त्याच दिवशी सकाळी बंदराकडच्या रस्त्यावर प्रवाशांच्या गाड्यांची गर्दी असते, हेही धरून चला.

हाच पट्टा अवकाशयानांचाही. केप कॅनॅव्हरल आणि केनेडी अवकाश केंद्रातून 2024 या एका वर्षात 90 हून अधिक रॉकेटं उडाली. उड्डाणाच्या दिवशी बीचवर असलात तर वेगळ्या तिकिटाची गरज नाही, वाळूतून वर बघायचं. पण उड्डाणं ऐन वेळी पुढे ढकलली जातात, त्यामुळे केवळ त्यासाठी सहल ठरवू नका. मोठ्या उड्डाणानंतर 528 वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

टायटसव्हिलजवळचा प्लायालिंडा हा राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा भाग आहे. इमारती नाहीत, दुकानं नाहीत, फक्त वाळूच्या टेकड्या आणि समुद्र. मन निवतं असं ठिकाण. मात्र कुटुंबाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खायला-प्यायला तिथे काही मिळत नाही. रॉकेट उडणार असेल तर रस्ता बंद करतात. आणि रस्त्याच्या अगदी टोकाच्या, 13 क्रमांकाच्या पार्किंगपुढचा भाग विवस्त्र फिरणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर सुरुवातीच्या क्रमांकांच्या पार्किंगला थांबा. उन्हाळ्याचे महिने सोडले तर तिथे लाइफगार्ड नसतो.

डेटोना बीचची वाळू इतकी घट्ट बसलेली आहे की ठरावीक भागात शुल्क भरून गाडी थेट वाळूवर नेता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोटारींच्या शर्यती होत, त्या याच वाळूमुळे. आता वेगमर्यादा ताशी 10 मैल आहे. ज्येष्ठांसाठी ही मोठी सोय, कारण गाडीचं दार उघडलं की समोर समुद्र. लहान मुलांसाठी मात्र तेच धोक्याचं, कारण पाण्यातून धावत येणारं पोर गाड्यांच्या वाटेत येऊ शकतं. पोरं लहान असतील तर जिथे गाड्यांना बंदी आहे तो भाग निवडा. भरतीच्या वेळी वाळूची पट्टी अरुंद झाली की गाड्यांना आत सोडत नाहीत, म्हणून भरतीची वेळ बघून निघा. फेब्रुवारीत डेटोना 500 शर्यत, मार्चच्या सुरुवातीला बाइक वीक आणि ऑक्टोबरात बाइकटोबरफेस्ट असतो. त्या दिवसांत डेटोना नकोच.

डेटोनाच्या दक्षिणेला न्यू स्मर्ना बीच. गाव टुमदार, फ्लॅगलर अव्हेन्यूवर पायी फिरायला मजा येते. या भागात शार्क चावण्याच्या नोंदी जास्त आहेत हे तुमच्या वाचनात येईलच. कारण असं की पॉन्स इनलेट या खाडीच्या मुखाजवळ पाणी गढूळ असतं, लहान माशांचे थवे असतात आणि त्याच पाण्यात सर्फिंग करणारेही खूप. तिथले शार्क आकाराने लहान असतात, बहुतेक चावे हातापायावर आणि किरकोळ असतात. घाबरून जायचं कारण नाही, पण मुलांना घेऊन इनलेटपासून लांब, दक्षिणेकडच्या लाइफगार्ड बुरुजासमोर उतरा. मासे उड्या मारताना किंवा पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले तर बाहेर या.

पश्चिमेकडे क्लिअरवॉटर बीच नवख्यांसाठी सगळ्यात सरळ. रुंद पांढरी वाळू, उथळ पाणी, वर्षभर लाइफगार्ड, खेळण्याची जागा, चालत जाण्यासारखी उपाहारगृहं. पियर 60 जवळ संध्याकाळी कलाकार आणि हस्तकलेच्या वस्तू विकणारे जमतात. गर्दी आणि पार्किंगचा खर्च हे त्याचे दोन दोष. डनीडनजवळचा हनीमून आयलंड हा राज्य उद्यानाचा शांत पर्याय. एका गाडीत 2 ते 8 माणसांना मिळून 8 डॉलर प्रवेश. तिथे काही ठिकाणी पाण्यात खडे टोचतात, म्हणून पाण्यातले बूट घ्या. सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिण टोकाचं फोर्ट डी सोटो पार्क जुना किल्ला, झाडाखालची बाकं आणि मैलोगणती किनारा असं सगळं एकत्र देतं, पण ते आणखी लांब.

सिएस्टा की सुंदर आहे यात वाद नाही. डिस्नेहून ते सुमारे 130 मैल, जाऊन-येऊन साडेचार-पाच तास. एका दिवसासाठी मी कुणालाच सुचवणार नाही. रात्री मुक्काम करणार असाल तर जरूर जा.

पश्चिम किनाऱ्याला 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हेलीन आणि मिल्टन या चक्रीवादळांचा जबर तडाखा बसला. जुन्या लेखांत वर्णन केलेली बोट, पायवाट किंवा स्वच्छतागृह आज त्याच स्थितीत असेलच असं नाही. निघण्याआधी त्या-त्या उद्यानाच्या अधिकृत पानावर एक नजर टाका.

पायरी 5: महिना बघून अपेक्षा ठेवा

फ्लोरिडा म्हणजे बारमाही उबदार समुद्र, हा समज खोटा ठरतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा दोन्ही बाजूंचं पाणी साठीच्या घरात (फॅरनहाइट), म्हणजे 16-18 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. वाळूत खेळा, शिंपले वेचा, पण मुलं पाण्यात फार टिकणार नाहीत. ऑगस्टमध्ये आखाताचं पाणी 30 अंशांवर जातं. एप्रिलचा शेवट, मे आणि ऑक्टोबर हे मला सगळ्यात गोड महिने वाटतात.

जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाट ठरलेलाच. दोन्ही किनाऱ्यांवरून आत येणारे समुद्री वारे जमिनीवर एकमेकांना भिडतात, हवा वर चढते आणि दोन-तीन तासांत काळे ढग उभे राहतात. विजेने होणाऱ्या मृत्यूंत फ्लोरिडा अमेरिकेत आघाडीवर आहे. उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठला वाळूवर आणि दीड-दोनला परतीच्या गाडीत, असाच बेत आखा. गडगडाट ऐकू आला की लगेच इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. छत्री किंवा तंबूखाली थांबणं म्हणजे आसरा नव्हे.

चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. वादळ शेकडो मैल दूर असलं आणि डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी त्याच्या लाटा अटलांटिक किनाऱ्यावर येतात आणि पाणी धोकादायक होतं.

पायरी 6: गाडी, टोल, परवाना

बीचवर जायला गाडी लागतेच. सनरेल ही इथली लोकल रेल्वे शनिवार-रविवारी चालत नाही आणि समुद्रापर्यंत जात नाही. ब्राइटलाइन ही दुसरी रेल्वे विमानतळावरून दक्षिणेला मायामीकडे जाते, तिचा इथे उपयोग नाही. टॅक्सी जाताना मिळते, पण येताना बीचवरून सत्तर मैलांसाठी गाडी मिळेल याची खात्री नसते. बाकीचे दिवस गाडी नको असेल तर एकाच दिवसापुरती भाड्याने घ्या. चौघांच्या कुटुंबाला दोन्ही वेळच्या टॅक्सीपेक्षा ती साधारणपणे स्वस्त पडते.

फ्लोरिडात परदेशी वैध वाहन परवाना चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना कायद्याने सक्तीचा नाही, पण गाडी देणारी कंपनी मागते का ते आरक्षण करतानाच विचारा. मुलांच्या आसनाचा नियम कडक आहे. 3 वर्षांपर्यंत स्वतंत्र कार सीट, 4 आणि 5 वर्षांच्यांना कार सीट किंवा बूस्टर.

टोलचं एक सांगते, कारण यात पाहुणे नेहमी पैसे घालवतात. भाड्याच्या गाडीतून टोलनाक्याखालून गेलात की कंपनी टोलवर स्वतःचा रोजचा आकार लावते. ऑर्लँडो आंतरराष्ट्रीय विमानतळावर व्हिजिटर टोल पास मिळतो. तो फुकट असतो, आरशाला अडकवायचा आणि परत जाताना विमानतळावरच्या पेटीत परत करायचा. नोंदणी आधी फोनवर करायची, म्हणजे फक्त प्रत्यक्ष टोलचेच पैसे कापले जातात.

डिस्नेहून डेटोना किंवा न्यू स्मर्नाला जाताना आय-4 भर शहरातून जातो. सकाळच्या गर्दीच्या वेळी 417 या टोल रस्त्याने शहराला वळसा घालून सॅनफर्डला पुन्हा आय-4 वर लागा. चार पैसे जातील, पण डोकं शांत राहील. आणि गाडीच्या नंबरपाटीचा फोटो फोनमध्ये ठेवा. बीचवरचं पार्किंग बहुतेक ठिकाणी ॲपवर किंवा यंत्रावर असतं आणि ते नंबर मागतं.

पायरी 7: निघायच्या दिवशी सकाळी काय तपासायचं

पश्चिमेकडे जाणार असाल तर रेड टाइड. एका सूक्ष्म शैवालाची पाण्यात बेसुमार वाढ होते, मासे मरतात आणि त्याचा अंश हवेत मिसळून वाळूवर बसलेल्यालाही खोकला येतो, घसा खवखवतो. घरात दमेकरी असेल तर अशा दिवशी तो बीच टाळाच. फ्लोरिडाचा मत्स्य व वन्यजीव आयोग याचा नकाशा प्रसिद्ध करतो.

पूर्वेकडे जाणार असाल तर रिप करंटचा, म्हणजे किनाऱ्यावरून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहाचा इशारा. राष्ट्रीय हवामान सेवा दररोज किनाऱ्यागणिक कमी, मध्यम, जास्त असा धोका सांगते. जास्त असेल तर मुलं फक्त घोट्याएवढ्या पाण्यात. वसंत आणि उन्हाळ्यात सर्गॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाहून येऊन कुजतं आणि वास सुटतो. त्याचा नेम नसतो. बीचचा लाइव्ह कॅमेरा बघणं हा सगळ्यात सोपा उपाय.

पायरी 8: वाळूवर पोहोचल्यावर

लाइफगार्डच्या बुरुजावरचा झेंडा आधी बघा, मगच छत्री रोवा. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद, उतरणं हा कायद्याने गुन्हा. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव पाण्यात आहेत. लालसोबत जांभळाही असू शकतो.

मग पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाणी बघा. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला करायला लावते. लाटा सगळीकडे पांढऱ्या फेसाने फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा असा दिसतो जिथे लाट फुटत नाही, पाणी जरा गडद आणि सपाट असतं. नवखा माणूस म्हणतो, "इथे शांत आहे, मुलांना इथेच उतरवू." किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाण्याची वाट बहुधा तीच असते. तोच रिप करंट. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग तिरकं किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करून हाक मारा. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी न घेता तरंगणारी वस्तू फेका आणि लाइफगार्डला बोलवा.

आखाताच्या बाजूला एप्रिल ते ऑक्टोबर उथळ वाळूत स्टिंगरे मासे दडून बसतात. पाऊल उचलून टाकण्याऐवजी पाय तळाशी घासत चाला, ते हादरा लागून स्वतःच दूर होतात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणं हा पहिला उपचार. लाइफगार्डकडे त्याची सोय बहुधा असते.

मुलांना खड्डे खणायला आवडतं. सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा नको. कोरडी वाळू क्षणात ढासळते आणि आतल्या मुलाला काढणं मोठ्यांनाही जमत नाही. निघताना खड्डा बुजवा. पूर्व किनाऱ्यावर मार्चपासून आणि पश्चिमेला मेपासून ऑक्टोबरअखेर समुद्री कासविणी रात्री अंडी घालायला येतात. खड्ड्यात पडलेलं कासव किंवा पिल्लू बाहेर निघू शकत नाही. खुंट्या आणि फिती लावलेली जागा म्हणजे कासवाचं घरटं, तिथून मुलांना लांब ठेवा. टेकडीवरचं उंच सी ओट्स गवत तोडायलाही कायद्याने बंदी आहे.

पिशवीत काय, ते थोडक्यात. लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट सगळ्यांना, कारण सनस्क्रीन पाण्यात उतरतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं राहून जातं. छत्री किंवा छोटा तंबू. माणशी दोन बाटल्या पाणी, काचेच्या नकोत, काचेला बहुतेक बीचवर मनाई आहे. वाटेत पब्लिक्स या सुपरमार्केटमध्ये थांबून सँडविच, फळं, बर्फ घेतलात तर दुपारचं जेवण बीचवरच्या निम्म्या खर्चात होतं. बेबी पावडरचा छोटा डबा ठेवा. ओल्या अंगाला चिकटलेली वाळू पावडर चोळली की झरझर पडते. आणि गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर, नाहीतर भाड्याच्या गाडीत वाळू सांडल्याचा आकार लागू शकतो.

बेत फिसकटला तर

रेड टाइड आहे, दोन लाल झेंडे आहेत किंवा कुणाला तरी रात्री ताप भरला. अशा वेळी दोन तास गाडी हाकत जाण्याचा हट्ट सोडा. हॉटेलच्या तळ्याकाठची वाळू मोहात पाडते, पण तिथे पाण्यात उतरू नका. फ्लोरिडाच्या गोड्या पाण्यात मगरी असतात, आणि डिस्नेच्या तळ्यांत पोहायला मनाईच आहे.

त्याऐवजी ऑर्लँडोच्या उत्तरेचा वेकिवा स्प्रिंग्ज झरा बघा. जमिनीतून वर येणारं नितळ पाणी बारा महिने 72 फॅरनहाइट, म्हणजे 22 अंश. पहिल्या उडीला अंगावर काटा येतो, मग बाहेर यावंसं वाटत नाही. पोहण्याचा भाग वेगळा आखलेला आहे, लाटा नाहीत, काठावर झाडांची सावली आहे. एका गाडीला 6 डॉलर. जवळचाच ब्लू स्प्रिंग हिवाळ्यात मॅनेटींसाठी, म्हणजे समुद्रगायींसाठी राखून ठेवतात. तेव्हा पोहता येत नाही, पण काठावरच्या लाकडी वाटेवरून शेकडो मॅनेटी एकत्र बघायला मिळतात, आणि तेही थंडी जितकी जास्त तितके जास्त. ही उद्यानं सकाळी आठला उघडतात आणि पार्किंग भरलं की दार लावून घेतात. शनिवार-रविवारी उघडण्याआधीच गाड्या रांगेत असतात, म्हणून इथेही साडेसातला हजर राहा.